पंचावन्नावी ओळ

विम्याचा कागद सगळ्यात खाली होता. धाकट्या भावानं सकाळी फोनवर तसंच सांगितलं होतं, "ताई, कपाटाचा वरचा खण, निळी फाइल, सगळ्यात खाली," आणि वर हसून म्हणाला होता, "पोट कापायच्या आधी कागद पाहिजे म्हणतात. कापून झाल्यावर बघू, असं एकाच्या तोंडून निघेल तर शपथ." पित्ताशय काढायचं होतं, म्हणजे हल्ली काहीच नाही, डॉक्टरांनीही हात झटकल्यासारखं सांगितलं होतं. भावजय पहाटेपासून हॉस्पिटलात बसली होती, म्हणून जादा किल्ली घेऊन कागद आणायचं काम थोरल्या बहिणीकडे आलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती भावाच्या घरात शिरली तेव्हा घर तसंच होतं, जसं घाईनं सोडलेलं घर असतं. बेसिनमध्ये दोन कप, खुर्चीवर टाकलेला टॉवेल, स्नानघरातला दिवा चालूच. तिनं आधी तो दिवा बंद केला. दुसऱ्याच्या घरात एकटं असताना माणूस उगीचच पाय न वाजवता चालतो, तशी ती चालली, आणि पलंगाच्या कडेला बसून मांडीवर फाइल उघडली. विजेची बिलं, भाचीच्या शाळेचे दाखले, घरभाड्याचा करार, एकेक कागद डावीकडे उलटा ठेवत ती खाली खाली गेली. विम्याच्या कागदाच्या बरोबर वर एक करड्या रंगाचं जाड कार्ड होतं. उजवा कोपरा तिरका कातरलेला. ते वाचायच्या आधीच तिला ओळखू आलं, कारण तो कोपरा तसा कातरायचं ज्या मीटिंगमध्ये ठरलं, तिथं ती हजर होती.

लॉ कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेचं गुणकार्ड. तिच्याच कचेरीचं. पहिल्यांदा तिच्या मनात आलं, भाचीचं असेल, पण भाची तर झाडांच्या रोगांवर काहीतरी शिकत होती, आणि हे कार्ड जुनं होतं, तिरका कोपरा बंद होऊनसुद्धा बारा-तेरा वर्षं झाली होती. नावाच्या जागी धाकट्याचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. बरोबर उत्तरे, पंचावन्न. गुण, एकशे एकोणपन्नास. मग तारीख. तारीख तिनं दोनदा वाचली, मग कार्ड उलटं केलं, मागं काही नव्हतं, पुन्हा सुलटं केलं. एकवीस वर्षांपूर्वीची, वर्षातली दुसरी बैठक. परीक्षा वर्षातून चारदा होत असे. म्हणजे तिच्या नोकरीत तिनं ऐंशीवर कोष्टकं केली असतील, आणि त्यातली एक तारीख अशी होती की ती कॅलेंडरावर नुसती दिसली तरी तिची नजर चटकन दुसरीकडे वळे. तीच ही. खालच्या मजल्यावर कोणीतरी कुत्र्यावर ओरडत होतं. 

ती काय काम करते हे लोकांना कधी धड सांगता आलं नाही. चारचौघांत कोणी विचारलं की ती 'परीक्षेच्या ऑफिसात' म्हणून वेळ मारून नेई, पण एखादा चिवट निघे, ज्याचा मुलगा नाहीतर मेहुणा वकील व्हायला निघालेला असे. "मग मॅडम, कोणत्या बैठकीला ढ मुलं जास्त येतात? तेव्हा बसवतो त्याला. बाकीचे पडले की हा आपोआप वर येईल." सगळ्यांना वाटतं तसंच याला वाटे, की इथं गाठ शेजारच्या बाकावरच्याशी आहे, तो वर गेला की आपण खाली. ती हसून सांगे, तसं काही नसतं हो. दर वेळी पेपर नवा असतो. एखादा जरा जड निघतो, एखादा हलका. जड पेपरात एकशे एकपैकी साठ उत्तरं बरोबर आली तर जो गुण मिळेल, तोच हलक्या पेपरात चौसष्ट आल्यावर मिळायला हवा, नाहीतर अन्याय होईल. किती बरोबर म्हणजे किती गुण, एवढंच सांगणारं एक कोष्टक दर पेपरासाठी होतं, एकशे वीसपासून एकशे ऐंशीपर्यंत, आणि ते कोष्टक करणं हे तिचं काम. "पण पेपर जड होता की मुलंच कच्ची होती, हे तुम्हाला कळतं कसं?" एवढं विचारणारा क्वचितच भेटे, आणि भेटला की तिला तो आवडे. मग ती त्याला दोन तराजूंची गोष्ट सांगे. दोन तराजू एकमेकांशी पडताळायचे असतील तर एकच दगड दोन्हींत घालून बघायचा. तसा जुन्या पेपरातला एक अख्खा भाग, तेवीस प्रश्न, जसाच्या तसा नव्या पेपरात घालतात. त्याला ऑफिसात दुवा म्हणत. नव्या मुलांनी दुवा जुन्यांइतकाच सोडवला तर मुलं तेवढीच तयार आहेत, मग बाकीच्या भागांत कमी पडली तर दोष पेपराचा, तेवढी सूट द्यायची. दुव्यातच कमी पडली तर मुलंच कच्ची, मग सूट नाही. साधी गोष्ट. दगड मात्र तोच हवा, आणि आधी ठेवला होता तसाच ठेवायला हवा.

एकवीस वर्षांपूर्वीच्या त्या बैठकीला तो तसा ठेवलेला नव्हता. आराखड्यात दुवा पहिला भाग होता, मागल्या वेळीही तो पहिलाच होता. छापखान्यात मात्र एक लांबलचक उतारा दोन समोरासमोरच्या पानांवर यावा म्हणून कोणीतरी भाग पुढेमागे केले, आणि दुवा गेला शेवटी. छापखान्याची चूक म्हणावी तर तसंही नाही, त्यांनी रीतसर चिठ्ठी पाठवली होती. ती चिठ्ठी पेपर तपासणाऱ्यांकडे पोचली, उत्तरांची यादी त्याप्रमाणे बदलली, एकाही मुलाचं एकही उत्तर चुकीचं मोजलं गेलं नाही. फक्त चिठ्ठी तिच्या टेबलावर आली नाही. तिसऱ्या तासाला, मान अवघडलेली असताना, मुलांनी ते तेवीस प्रश्न सोडवले, आणि मागल्या वेळी ताज्या डोक्यानं सोडवलेल्यांपेक्षा ते कमी पडले. आकड्यांना दमणं कुठं कळतं? आकड्यांनी सांगितलं, मुलं कच्ची आहेत. कोष्टक एका उत्तरानं कडक झालं.

हे सगळं तिला वर्षानुवर्षं पाठ होतं. पलंगाच्या कडेला बसून ती जे आठवत होती ते वेगळंच होतं, ते होतं दोन खोल्यांचं भाड्याचं घर, तिथलं जेवणाचं छोटं टेबल, ज्याचा एक पाय आखूड म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली असे. तेव्हा धाकटा तिच्याकडेच राहायचा. शिक्षण अर्धवट सोडून एका वकिलाच्या कचेरीत टायपिंग करायचा. वडील हयात होते तोवर त्याला 'आमचे बॅरिस्टर' म्हणून हिणवायचे, तो ऐकून घ्यायचा, आणि ते गेल्यावरही त्या हाकेची सवय गेली नाही म्हणून स्वतःच स्वतःला म्हणायचा, बॅरिस्टर भांडी घासतायत. निकालाच्या आठवडाभर आधीची संध्याकाळ होती. तो ताटात बघत म्हणाला, "ताई, माझा एक मित्र बसला होता तुमच्या परीक्षेला." ती म्हणाली, "अरे वा." तो म्हणाला, "दुसऱ्यांदा बसला. तो सांगत होता, मिठागरांच्या मालकीवरचा उतारा मागल्या वेळीपण होता म्हणे आणि या वेळीपण. मागल्या वेळी अगदी सुरुवातीला होता. या वेळी पार शेवटी. अक्षरं नाचायला लागली म्हणे डोळ्यांपुढे." तिचा हात ताटाजवळ थांबला होता. "शेवटी?" "पार शेवटी. असं चालतं का गं?" मिठागरांचा उतारा दुव्यातला होता, हे त्या घरात फक्त तिला ठाऊक होतं आणि ते बोलायची तिला मनाई होती. तिनं पाणी प्यायलं. मग म्हणाली, "मित्राला सांग, आदल्या दिवशी लवकर झोपत जा." तो हसला होता. "सांगतो त्याला," म्हणाला होता, आणि दोघांची ताटं उचलून आत गेला होता.

मित्र. आज एकवीस वर्षांनी पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं, की त्या मित्राला नाव नव्हतं. धाकट्याच्या सगळ्या मित्रांना ती ओळखायची, कोण कुठं राहतो, कोण कोणाकडून पुस्तकं ढापतो, आणि तरी तिनं एकदाही विचारलं नाही की कोण रे, कोणता मित्र. विचारलं नाही, कारण तिला त्या मित्रापासून लांब राहायचं होतं. त्याला चेहरा असता तर त्याचं पुढं काय झालं हे विचारावं लागलं असतं. दर बैठकीआधी तिला एका छापील कागदावर सही करावी लागे, 'माझे कोणीही जवळचे नातेवाईक या परीक्षेस बसलेले नाहीत,' आणि त्या वर्षीही तिनं ती डोळे झाकून केली होती. म्हणून तर त्यानं सांगितलं नसणार. बहिणीनं पास केलं, असं कोणी म्हणायला नको. नाहीतर वडिलांची ती हाक. दोन्ही असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साहेबांच्या दारात उभी राहिली होती, हे तिनं स्वतःला आजवर शेकडो वेळा सांगितलं होतं. उभी तरी राहिले. साहेब फोनवर होते. हातानंच 'या' म्हणाले, फोनवर हात ठेवून म्हणाले, "झालं ना कोष्टक? सही करून टाका, खाली माणूस खोळंबलाय." खात्री करायची तर छापील पेपर बघायला हवा, आणि त्याचं सील फोडायला तीन सह्या लागत आणि एक कारण लिहावं लागे. कारण काय लिहिणार? भावाचा मित्र जेवताना म्हणाला. तिला त्या खुर्चीवर बसून पाच महिने झाले होते, तिच्या आधी तिथं एकही बाई बसली नव्हती, आणि व्हरांड्यातले दोघंतिघं तिच्या पहिल्या घोटाळ्याची वाट बघत होते हे तिला पक्कं माहीत होतं. ती घाबरली. सरळ सांगायचं तर एवढंच झालं, ती घाबरली. तिनं सही केली. चार महिन्यांनी पेपरांचे गठ्ठे साठवणीला आले तेव्हा तिनं एक पेपर काढून घेतला, स्टुलावर बसली, शेवटचा भाग उघडला. मिठागरं. मग दोन रविवार घरी बसून कोष्टक नव्यानं केलं, जसं व्हायला हवं होतं तसं. सगळ्या ओळी बदलल्या नाहीत. पूर्णांकात आणताना काही ओळी वाचतात, काही घसरतात. एकोणीस ओळी घसरल्या होत्या, एकेका गुणानं. त्या एकोणीस ओळींवर दोन हजार तीनशे आठ माणसं होती. धाकटा त्याच वेळी शेजारच्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होता. "रविवारीसुद्धा काम? तुमच्या साहेबांना घरदार नाही का गं?" तो म्हणाला होता. तिनं तो कागद पाकिटात घातला, पाकीट कचेरीतल्या आपल्या खणात तळाशी ठेवलं, आणि त्याला हात लावला नाही.

फोन वाजला तशी ती दचकली. भावजय होती. "वन्सं, सापडला का? काउंटरवाला दोनदा विचारून गेला. त्यांना आत घेतायत आता." तिनं सापडला म्हटलं. आवाज नेहमीचा लागला याचं तिला नवल वाटलं. विम्याचा कागद घेतला, बाकीचे होते तसे लावले, आणि कार्ड परत फाइलीत घालताना हात थांबला. ते तिनं पर्समध्ये टाकलं. दाराला कुलूप लावताना वाटलं, चोरी केली.

हॉस्पिटलच्या काउंटरवर फिनेलचा वास होता आणि पुढं सहा माणसं होती. कागद देऊन ती वर गेली तोवर धाकट्याला नेलं होतं. भावजय म्हणाली, "जाताना विचारत होते, ताई आली का, फाइल मिळाली का तिला. मी म्हटलं, आता स्वतःच्या पोटाचं बघा, फाइल कुठं पळून चाललीय?" आणि ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "बाईसाहेब, तुम्ही जाऊन या ऑफिसात," भावजय चेष्टेनं म्हणाली, डोळे पुसत. "इथं दोघींनी बसून काय होणार? चारला भेटू देतील." लांब पांढऱ्या दारावरचा लाल दिवा लागलेला होता. तिला एकदम वाटलं, तो आता त्या दाराआडून बाहेर आलाच नाही तर? तर कोणाला काही सांगायला लागणार नाही. हा विचार तिच्या मनात आला, आणि आला हे तिला नीट कळलं. जिन्यावर तिनं कठडा घट्ट धरला, तो गार आणि किंचित चिकट होता.

ऑफिसात तिला बघून नवी पोरं खुर्च्यांवर सरळ बसली. मागं तिला 'जागा मॅडम' म्हणतात हे तिला ठाऊक होतं, आणि मनातून ते आवडायचंही. त्या बैठकीनंतर तिनंच नियम घालून घेतला होता, की कोष्टकाला हात लावायच्या आधी छापलेला पेपर उघडायचा आणि दुवा कितव्या जागेवर आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. आराखड्यावर विश्वास नाही, चिठ्ठीवर नाही, डोळ्यांवर. या नियमाचं कौतुक झालं. बाहेरच्या परीक्षांवाले तो शिकायला आले, तिला बोलावून भाषणं करवली, बढती मिळाली त्या कागदावरही त्याचा उल्लेख होता. "तुम्हाला हे सुचलं कसं?" कोणीतरी भाषणानंतर विचारी. "अनुभव," ती म्हणे. सगळे माना डोलावत.

तिनं खोलीचं दार लावून घेतलं. खण अडकत होता, गुडघ्यानं रेटून उघडावा लागला. पाकीट पिवळं पडलं होतं, डिंक सुकून आपोआप सुटला होता, म्हणजे फोडावंसुद्धा लागलं नाही. पर्समधून कार्ड काढून तिनं शेजारी ठेवलं. पण कोष्टक उलगडलं नाही. काय व्हायला हवं आहे, हे आधी तिला स्वतःशी ठरवायचं होतं. धाकट्याला कुठं जायचं होतं हे आता उघड होतं. गावातलं संध्याकाळचं लॉ कॉलेज, दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठीचं एकमेव. तिथं तेव्हा एकशे पन्नास लागत, एकशे एकोणपन्नासला दार बंद. तो ज्या वकिलाकडे टायपिंग करत होता त्याच्याचकडे अजून होता, आता मोठा कारकून म्हणून, आणि हाताखालून जाणाऱ्या पोरगेल्या वकिलांच्या अर्जांतल्या चुका काढून द्यायचा. "साहेब, इथं कलम चुकलंय," तो म्हणायचा, आणि तो साहेब त्याच्या निम्म्या वयाचा असायचा. घरी येऊन नक्कल करून दाखवायचा, सगळे हसायचे, तीही हसायची. एकोणीस ओळी घसरल्या होत्या, ब्याऐंशी ओळी जागच्या जागी होत्या. पंचावन्न त्या ब्याऐंशींत असेल तर काही बिघडलं नव्हतं. तो पडला तो स्वतःच्या उत्तरांनी पडला, तिचा काही संबंध नाही. असू दे, असू दे, ती म्हणत होती, ओठ हलत होते. आणि मग तिला किळस आली, कारण बाकीचे दोन हजार तीनशे तर होतेच की. तेवढी माणसं तिनं एकवीस वर्षं एका पाकिटात झोपवली होती, त्यांच्यासाठी तिचे ओठ कधी हलले नव्हते.

तिनं कोष्टक उलगडलं. तिचंच अक्षर, तरुणपणचं, जरा जास्त टोकदार. पन्नास, एक्कावन्न, बावन्न, ती बोटानं खाली आली. चौपन्न, एकशे एकोणपन्नास. पंचावन्न, एकशे पन्नास. शेजारी लाल पेन्सिलीची बारीक फुली होती, एकोणीसपैकी एक. ती फुली तिनं केली, तेव्हा भिंतीपलीकडे इस्त्रीची वाफ सुटत होती.

किती वेळ गेला कळलं नाही. दारावर टकटक करून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, पेपर उघडायचाय, जागा बघायला येताय ना?" ती म्हणाली, "आज तुम्हीच बघा." बाहेरचं माणूस क्षणभर तसंच उभं राहिलं, काचेतून सावली दिसत होती, आणि मग गेलं. तेव्हा कुठं तिला सकाळपासून टोचणारी ती बारीकशी गोष्ट हाताला लागली. विम्याचा कागद या वर्षीचा होता. धाकटा हाडाचा कारकून. नवा कागद वर, जुना खाली, तारखेनं, ही त्याची वीस वर्षांची रीत, भाचीच्या दाखल्यांतसुद्धा मोडली नव्हती. विजेची बिलं तशीच होती, करार तसाच होता. मग या वर्षीचा कागद सगळ्यात खाली का? आणि एकवीस वर्षांपूर्वीचं कार्ड नेमकं त्याच्यावर, अशा जागी, की ते हातात धरल्याशिवाय खालचा कागद निघू नये? ही जागा चुकून बदललेली नव्हती.

आणि मग भाची आठवली, आठ-नऊ वर्षांची, दात पडलेली. भावाच्याच घरी जेवायला बसले होते सगळे. भाचीनं विचारलं होतं, "आत्या, तू मुलांचे मार्क कापतेस का गं?" सगळे हसले, आणि ती रंगात येऊन दगड नि तराजूची गोष्ट सांगायला लागली. मुलीच्या समोर दोन वाट्या ठेवून, चमचा इकडून तिकडे टाकत तिनं सगळं समजावलं. "आणि आत्याचा नियम काय? चमचा आधी होता तिथंच पाहिजे. जागा बदलली की माप चुकलं. समजा तो भाग सुरुवातीचा शेवटी गेला, तर मुलं दमलेली असतात, मग सगळ्यांचाच गुण कमी येतो, काही चूक नसताना." भाचीला समजलं होतं. टेबलाच्या टोकाला बसलेला धाकटा म्हणाला होता, "हा नियम कधीपासून गं, ताई?" अगदी सहज. आणि तिनं, रंगात आलेली, साल सांगून टाकलं होतं. तो उठून खिडकी लावायला गेला, आणि खिडकीपाशी जरा जास्तच वेळ उभा होता. तिला तेव्हा वाटलं, गार वारा येत असेल. म्हणजे दहा-अकरा वर्षं त्याला माहीत होतं. एवढ्या वर्षांत त्यानं तिच्या वाढदिवसांना केक आणले होते, तिच्या गुडघ्यासाठी डॉक्टर शोधले होते, तिच्या भाषणाला पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या. आणि आज, पोटावर सुरी चालायच्या दिवशी, त्यानं फाइलीतला एक कागद उचलून खाली ठेवला होता.

चार वाजता ती पोचली तेव्हा सगळं नीट पार पडलं होतं. जीव भांड्यात पडायला हवा होता, पडला नाही. भावजय खाली औषधांच्या रांगेत जाणार होती. "बोलू नका फार त्यांच्याशी, गुंगी आहे अजून," म्हणाली, आणि चप्पल ओढत गेली. खोलीत दोन खाटा होत्या, दुसरी रिकामी, गादी गुंडाळलेली. धाकटा उताणा पडला होता. तोंड सुकलेलं, एका हाताला सुई टोचून चिकटपट्टी लावलेली, बाटलीतून थेंब थेंब उतरत होता. झोपेत त्याचा चेहरा वडिलांसारखा दिसायचा हे तिला माहीत नव्हतं. ती स्टूल ओढून बसली आणि त्या सुईच्या हातावर तिनं आपला हात ठेवला, भार न टाकता. येताना सगळ्या वाटेनं तिनं एक वाक्य जुळवलं होतं, सुरुवातीचा शब्दसुद्धा ठरवला होता. तो शब्द आता तोंडात येईना.

त्यानं डोळे उघडले. तिच्याकडे बघत राहिला, ओळख पटायला वेळ लागल्यासारखा. "सापडला का कागद?"

"सापडला."

"सगळ्यात खाली होता ना?"

"हो."

तो वर छताकडे बघू लागला. बाहेर एक ढकलगाडी करकरत गेली. ती म्हणाली, "दुखतंय का रे?"

"दुखेल म्हणाले. नंतर." मग त्याच्या पापण्या मिटल्या. तिला वाटलं, पुन्हा डोळा लागला, आणि मनातल्या मनात ती सुटल्यासारखी झाली. आज नको, टाके निघू देत, घरी येऊ दे, निवांतपणे सांगू. असं जाडसर, उबदार काहीतरी तिच्या अंगावर चढत होतं. तेवढ्यात तो म्हणाला, जीभ जड, पण शब्द अगदी सुटे सुटे, "ताई, माझा एक मित्र विचारत होता."

ती स्टुलावर जरा पुढं सरकली.

"तो भाग तेव्हा जिथल्या तिथं असता, तर त्याचं झालं असतं का? नक्की सांग म्हणतोय. तू एकटीच सांगू शकतेस."

किती वाक्यं तिच्याकडे तयार होती. इतक्या वर्षांनी कसं सांगता येईल. कागद कुठं आहेत आता. मित्राला सांग, आराम कर. एकेक वाक्य ओठांपर्यंत आलं, आणि प्रत्येक वाक्य चाललं असतं, त्यानं मान डोलावली असती, घरी गेल्यावर तो तिला पहिल्यासारखाच ताई म्हणाला असता. पर्स मांडीवर होती, आत पाकीट आणि कार्ड. तिनं ती उघडली नाही. पंचावन्नावी ओळ तिला डोळे मिटूनही दिसत होती.

"झालं असतं," ती म्हणाली. "एकशे पन्नास. बरोबर एकशे पन्नास. मला तेव्हाच कळलं होतं रे, तू सांगितलंस तेव्हाच. मी घाबरले."

त्यानं डोळे मिटले. बाटलीतला थेंब लोंबत राहिला, पडला, दुसरा जमू लागला. जिन्यावर भावजयीच्या चपलांचा आवाज येत होता.

"बरं," तो म्हणाला. "सांगतो त्याला." आणि सुई टोचलेला हात त्यानं तिच्या हाताखालून हळूच काढून घेतला.